गद्रे बाईंची तक्रार

पेणच्या शाळेत रुजू झालो त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये पेरू कापत होतो. चाकू मेव्हण्याने दुबईहून आणलेला, परदेशी बनावटीचा, लाल मुठीचा. समोरच्या खुर्चीतून एक हात पुढे आला. "बघू." मी कौतुकाने दिला. गद्रे बाईंनी त्याची सगळी पाती एकेक करून उघडली. कात्री, कानस, चिमटा, बूच काढायचा स्क्रू. मग स्वतःच्या पर्समधून एक काळपट, घडीचा चाकू काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि विचारलं, "म्हात्रेच ना तुम्ही? आजवर किती बुचं काढलीत?"

बाकीचे हसले. मी म्हणालो, "पण बाई, धार तरी बघा."

"धार छान आहे. माझ्या चाकूपेक्षा छान आहे. पण हा बिघडला की भांडायला कुणाच्या दारात जाणार?"

मला हा निव्वळ आडमुठेपणा वाटला, आणि बाई आडमुठ्या होत्याच. रोह्याच्या अलीकडे त्यांच्या घराण्याची पुष्कळ जमीन होती म्हणे. ती कधीच कुळांकडे गेली, तोरा तेवढा बाईंकडे राहिला. रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून रोज एसटीने पेणला यायच्या, विज्ञान शिकवायच्या आणि फळं कापण्यापासून प्रयोगशाळेतल्या वायरी सोलण्यापर्यंत सगळं त्या चाकूने करायच्या. एकदा अलिबागला कुठल्याशा कचेरीच्या दारात शिपायाने चाकू बाहेर ठेवायला सांगितला. "मग आम्ही दोघं बाहेरच बसतो," म्हणत बाई पायरीवर बसल्या. शेवटी फॉर्म सहीसाठी पायरीवर आला.

त्यांचा चाकू अष्टमीच्या बाळाराम लोहाराने केलेला होता. धाटावच्या कारखान्यांच्या भंगारातून आलेल्या करवतीच्या पात्यांचे तो घडीचे चाकू करायचा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला त्याच्याकडे घेऊन गेल्या. मला वाटलं, आता कारागिरीचं कौतुक ऐकायला मिळणार. बाईंनी चाकू ऐरणीवर आपटला. "बाळाराम, पातं हलतंय. मागच्या महिन्यातही हलत होतं."

"बाई, तुमी तो दुकानातला फॉरेनचा घ्या ना एक. माझं डोकं कशाला खाता?"

"त्याचं डोकं कुठे आहे खायला? तुझं समोर आहे."

बाळाराम पुटपुटत उठला, मुठीतला खिळा काढला, नवा ठोकला. बाईंनी पातं उघडलं, मिटलं आणि परत त्याच्या हातात दिलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पातं हललं नाही. बाई "बरं" एवढंच म्हणाल्या. बाई मला एसटीपर्यंत सोडायला आल्या, तेव्हा पुलावर मी म्हणालो, "बाई, देशी वस्तूचा एवढा अभिमान, आणि तिचेच एवढे दोष काढता?"

"देशी आहे म्हणून चांगलं म्हणायचं? पोरांचे पेपर असेच तपासता का तुम्ही?"

पुढे बाजारातल्या दुकानांत परदेशी चाकू पुठ्ठ्यावर लटकू लागले आणि बाळारामकडचं गिऱ्हाईक आटलं. भट्टी बंद करून आपणही तेच विकायला ठेवावेत, असं तो बोलू लागला. हे ऐकून माझ्यातला समाजसेवक जागा झाला. मी त्याच्याकडून एकदम दहा चाकू घेतले, स्टाफरूममध्ये एकेक वाटला, स्वदेशीवर चार शब्द बोललो. टाळ्या पडल्या. बाई टाळी न वाजवता बसल्या होत्या. शिक्षकदिनाचा नारळ मिळाल्यासारखा प्रत्येकाने तो चाकू पिशवीत टाकला आणि प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

महिन्याभराने बाई माझ्या टेबलाशी आल्या. "तुमचा दाखवा." खणात तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घेतला तसाच होता. पेरू मी अजून लाल मुठीनेच कापत होतो. बाईंचा चेहरा मी इतका कठोर कधी पाहिला नव्हता.

"दहा माणसांनी चाकू नेले आणि एकही परत भांडायला आला नाही. बाळाराम मला विचारत होता, बाई, वापरतात का कोणी? काय सांगू त्याला? त्याचा माल विकत घेतलात म्हणे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलात तुम्ही, म्हात्रे."

मला राग आला. घेतले तरी चूक, न घेतले तरी चूक, असं काहीसं मी बोललोही. बाईंनी ऐकून घेतलं, माझा लाल चाकू उचलला आणि पर्समध्ये टाकला. "हा जप्त. आता वर्षभर दुसरा वापरा. बरा असेल तर बरा म्हणा, वाईट असेल तर त्याच्या तोंडावर सांगा. पण दया नको. त्याने तुमच्याकडे मागितलेली नाही."

वापरला. पावसाळ्यात पात्यावर गंज चढला, लाकडी मूठ फुगली, धार महिन्यात गेली. मी हे सगळं बाईंना सांगायचो, रंगवून सांगायचो. त्या म्हणायच्या, "मला काय सांगता? मी लोहार आहे?" पण अष्टमीला जाऊन बाळारामच्या तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही. गरीब माणसाला काय बोलायचं, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बाईंना पोटाचा आजार निघाला. भेटायला गेलो तेव्हा त्या मोसंबं सोलत होत्या, स्वतःच. साल तुटत होती, मी पुढे झालो तर डोळ्यांनीच मला खाली बसवलं. मग उशाखालून लाल चाकू काढून माझ्यापुढे धरला.

"जप्ती उठली. आता कुठला वापरायचा ते तुम्ही ठरवा. मला बरं वाटावं म्हणून ठरवू नका."

आठ दिवसांनी बाई गेल्या. मला फार एकटं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही आला. अर्ध्यात सोडलेलं भांडण आता करायचं कुणाशी?

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी अष्टमीला उतरलो. बाळारामच्या दुकानात पुढच्या खिळ्याला परदेशी चाकूंचा पुठ्ठा लागला होता. भट्टी थंड होती. मला बघून तो म्हणाला, "या सर. बाईंचं वाईट झालं. चाकू पायजे काय? शेवटचे दोन हायेत, घेऊन जावा."

मी खिशातून त्यानेच केलेला चाकू काढून ऐरणीवर आपटला. "घ्यायला नाही आलो. हा गंजतो. मूठ पाण्याने फुगते. धार महिनाभर टिकत नाही. आणि पातं हलतं."

त्याने चाकू उचलून पातं हलवून पाहिलं. मग मान वर करून खेकसला, "वापरल्यावर पुसता का कदी? मिठाच्या कैऱ्या कापून तसाच ठेवत असाल. आन् ही मूठ काय मी पाण्यात भिजवली?"

"मूठ तुझीच आहे. लाकूड ओलं होतं."

"व्हय, ओलं होतं," तो म्हणाला, आणि उठून भट्टीत कोळसा घातला.

तासाभराने त्याने चाकू माझ्या हातात दिला. नवी मूठ, नवा खिळा. मी पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाळाराम, अजून हलतंय."

त्याने हात पुढे केला.