अंतरपाटाचं एक टोक

माझे मालक वारल्यानंतर पहिल्याच वर्षी मी एका बारशाला गेले होते. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी येऊन क्षणभर थबकलं आणि पुढं गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण ते थबकणं मला सोसलं नाही. त्यानंतर पाच वर्षं मी कुठल्याही मंगलकार्याची पायरी चढले नाही. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत पत्रिका येत राहिल्या, मी तब्येतीचं कारण सांगत राहिले. देवापुढं दिवा रोज लावायचे, पण त्याच्याशी बोलणं थांबलं होतं. आपण आता त्याच्या शुभ गोष्टींतल्या नाही, असं मनानं धरून ठेवलं होतं.

अशात शालूचं लग्न ठरलं. शालू माझ्याच शाळेतली शिक्षिका. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करता करता तिचं वय उलटून गेलं. वडील गेल्यावर, पंचेचाळिशीनंतर, हिंगणीच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं स्थळ आलं. त्यांची पहिली बायको वारली होती. शालू स्वतः घरी आली आणि म्हणाली, "तुले यावंच लागते. माह्या बाजूनं एक भाऊ अन् तू, दुसरं हाय कोण मले?"

लग्नाच्या सकाळी साडी नेसून देवघरापुढं बसले, तेव्हा फार दिवसांनी तोंडून शब्द निघाले. म्हटलं, "मी दुरून अक्षता टाकून परत येते. त्याहून जास्त बळ माझ्यात नाही. पुढचं तू बघ."

हिंगणीच्या मारुतीच्या देवळापुढं मांडव होता. माणसं मोजकीच. मी शेवटच्या खांबाला टेकून उभी राहिले. वारा इतका होता की मांडवाचं कापड फडफडत होतं. गुरुजींनी अंतरपाट मागवला. एक टोक शालूच्या भावानं धरलं. दुसरं धरणारे पाहुणे नेमके पाण्याचा टँकर आला म्हणून तिकडं गेले होते. मुहूर्त जवळ आला, गुरुजी इकडंतिकडं बघू लागले.

तेवढ्यात पुढं खुर्चीवर बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी मागं वळल्या. नवरदेवाची आई. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी थेट माझ्याकडं हात केला.

"काऊन वो बाई, इतक्या दूर काऊन उभी राह्यली? इकडं ये. हे टोक धर."

मी जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आजी, दुसऱ्या कोणाले सांगा. माहे मालक नाईत."

"माहे बी नाईत, बाई," त्या म्हणाल्या. "म्हणून का माह्या लेकाचं लग्न मी बाहेरून पाहू? धर."

मी टोक धरलं. वाऱ्यानं कापड ओढलं जात होतं, म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागलं. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरणाऱ्याला दोन्हीकडची माणसं दिसतात. एकीकडं नवरदेव खाली बघत उभे होते, कपाळावर घाम. दुसरीकडं शालू. तिनं मान वर केली, टोकाशी मला पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. माझं काय झालं ते सांगता येणार नाही. बऱ्याच वर्षांपासून छातीत आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं आणि मी मनातल्या मनात देवाशी बोलू लागले. मागितलं काहीच नाही, नुसती बोलत राहिले.

जेवताना आजींच्या शेजारी बसले. विचारलं, बाकीची माणसं सोडून मलाच का बोलावलं? त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मले दिसते कुठं, बाई? मोतीबिंदू हाय. मागं कोणी बाई उभी हाय इतकं समजलं, मनात आलं, हाक मारली."

त्यांच्या मनात ते कुणी आणलं, याचा शोध मी घेतला नाही. मला एवढंच उमगलं की मला शुभातून बाहेर काढण्याचा निकाल मीच दिला होता आणि तो देवाच्या नावावर टाकून बसले होते. त्यानं मला कधी दूर केलंच नव्हतं. आता काय योग्य, काय अयोग्य, हे ठरवणं मी त्याच्यावर सोपवलं आहे.

त्या दिवशी मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला तेव्हा तो गोळा करून मी छातीशी धरला होता. बाजूला व्हायचंही सुचलं नाही. शालू आणि तिच्या नवऱ्यावर पडणाऱ्या अक्षता माझ्याही केसांवर पडत होत्या, आणि त्या मी झटकल्या नाहीत.