नवा म्हणून दिलेला बोर्ड

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुदासचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बाप मासेमारीला जायचा, पण गुरुदासला होडी लागायची, म्हणून तो या कामात शिरला. थोरला भाऊ महादू दशावतारात राणीचं पात्र करायचा. २००१ मध्ये तो वारला. त्याच्या नाटकांच्या नऊ व्हिडिओ कॅसेट गुरुदासने भाड्याच्या कॅमेऱ्यावर घेतल्या होत्या.

खाऱ्या हवेने त्यांना बुरशी धरू लागली. २००७ च्या दिवाळीनंतर त्याने ठरवलं, कॉम्प्युटर करून घ्यायचा, कॅसेट त्यात उतरवायच्या आणि घरच्या मोठ्या टीव्हीला जोडून बघायच्या.

कॉम्प्युटरमधलं त्याला फारसं कळत नव्हतं. पण मंगेश होता. पिंगुळीचा मंगेश चार वर्षं त्याच्या हाताखाली शिकला होता, गुरुदासच्या बायकोच्या, सावित्रीच्या हातचं जेवला होता. आता कुडाळात त्याचं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दोघांनी बसून एकेक भाग ठरवला. हार्डडिस्क मोठी, कारण नाटक रात्रभराचं. कॅसेट उतरवायला टीव्ही ट्यूनर कार्ड.

"पंखो मोठो घालूया, काका. मोठो हळू फिरता, आवाज करणा नाय."

"व्हय. महादूचो आवाज कॅसेटीत आधीच बारीक येता. आणि मदरबोर्ड चांगलो घाल. सगळा नवा घे."

"तुमचा काम म्हणजे घरचा काम," मंगेश म्हणाला.

जानेवारीत मशीन आलं. दोन कॅसेट नीट उतरल्या. तिसरी महादूच्या शेवटच्या नाटकाची. तीच सर्वांत खराब झालेली, एकदाच चालेल अशी. राणी रानात एकटी पडते आणि गाऊ लागते, तिथे कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरू होईपर्यंत व्हीसीआरमध्ये फिरत राहिलेल्या टेपचा थर निघून गेला होता. नंतर कितीदा लावली तरी टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

"वीज कमीजास्त झाली आसतली," मंगेश फोनवर म्हणाला. गुरुदासने मानलं.

मशीन आणखी दोनदा असंच बंद पडलं, तेव्हा त्याने पेटी उघडली. प्रोसेसरजवळचे चार कपॅसिटर बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचे होते. त्याने बोर्ड सोडवून उलटा केला. हाताने घातलेले सोल्डरचे टाके गोल, चकचकीत, आणि प्रत्येक तार मुळाशी तिरपी कापलेली. अशी तार कापायला त्यानेच मंगेशला शिकवलं होतं. त्याच्या माहितीत दुसरं कोणी तसं कापत नव्हतं.

"काय झाला?" सावित्रीने विचारलं.

"ह्यो बोर्ड जुनो आसा. मंगेशान दुरुस्त करून घातलो."

ती खाली बसली. "आमच्या मंगेशान?"

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन कुडाळला गेला. दुकानात त्याने तो टेबलावर उलटा ठेवला. मंगेशने पाहिलं आणि मान खाली घातली.

"नवो येवक पंधरा दिवस लागले असते. तुमका घाई होती. आणि…"

"आणि काय?"

"तुमका कळतला असा वाटला नाय, काका."

गुरुदासला तेच सगळ्यात लागलं. "ती कॅसेट गेली रे," एवढंच तो म्हणाला.

"आजच नवो बसवून देतंय."

"नको." बोर्ड तिथेच टाकून तो बाहेर पडला.

मग नवा बोर्ड आणायला तो स्वतः म्हापशाला गेला. दुकानदाराला विचारून विचारून, वहीत आकृत्या काढून, तीन आठवड्यांत त्याने मशीन जोडलं. उरलेल्या सहा कॅसेट उतरल्या. सावित्री आणि तो संध्याकाळी बसून बघायचे. शेवटचं नाटक मात्र राणीच्या गाण्याशीच तुटायचं. दरवेळी तो उठून पंप बघायला म्हणून विहिरीकडे जायचा.

चतुर्थीला मंगेश नेहमीसारखा केळ्यांचा घड घेऊन आला. गणपतीसमोर वाकला, मग ओसरीवर घुटमळला.

"बसा," गुरुदास म्हणाला. "चहा घेणार का?"

एखाद्या ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं. मंगेशचा चेहरा उतरला. चहा अर्धा ठेवून तो निघून गेला.

"एवढा तोडून बोलाक नको होता," सावित्री म्हणाली. "पोर चुकला."

"चुकला आसता तर माफ केलंय आसतंय," गुरुदास म्हणाला. "त्येना माका अडाणी समजून फसयलो."

त्याने केळ्यांचा घड उचलून गणपतीपुढे ठेवला आणि आरतीची तयारी करायला आत गेला.