पंधराव्या शुक्रवारचं पन्हं

त्या उन्हाळ्यात मी देवीकडे एकच गोष्ट मागत होतो, आणि ती माझ्यासाठी नव्हती. रामसेवकची गाडी मागे राहावी, एवढंच माझं मागणं. झाशीच्या लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात दर शुक्रवारी सकाळी उभा राहून, डोळे मिटून, मी हे मागत असे. शब्द मात्र सभ्य वापरायचो. ‘आई, ज्याचं चोख आहे त्याला न्याय दे’, असं म्हणायचो. चोख कोणाचं, हे देवीला सांगायची गरज नव्हती.

रामसेवक म्हणजे फौजेतला माझ्या हाताखालचा चालक. झाशीजवळच्या बबीना छावणीत आम्ही एकाच युनिटमध्ये होतो. ट्रेलर लावलेली गाडी मागे कशी घ्यायची, हे त्याला मी शिकवलं. मी निवृत्त होऊन झाशीतच राहिलो, लक्ष्मी गेटजवळ घर घेतलं, आणि मिळालेला पैसा घालून, उरलेल्यासाठी कर्ज काढून दहा चाकी ट्रक घेतला. चालक मीच, मालकही मीच. तीन महिन्यांनी फौजेतून सुटून रामसेवकनेही गाडी घेतली, पण जुनी. त्या दिवशी पेढे घेऊन तो आमच्याकडे आला, माझ्या पाया पडला, आणि मी त्याला मनापासून आशीर्वाद दिला. त्याच्याबद्दल मनापासून काही वाटल्याचा तो बराच काळ शेवटचा दिवस.

मी गाडीत कधी ठरल्याहून जास्त माल भरला नाही. कागद पूर्ण, टायरची हवा रोज मोजलेली, किती किलोमीटरला किती डिझेल लागलं ते वहीत. रामसेवक आपला हिशेब काडेपेटीच्या पाठीवर लिहायचा आणि ती काडेपेटी हरवायचा. तरीही ट्रान्सपोर्ट नगरात भाडी ठरवणारे मुनीम त्यालाच हाक मारत. मी मध्य प्रदेशात सागरला माल उतरवून परतीच्या भाड्यासाठी दोन दोन दिवस झाडाखाली बसायचो आणि शेवटी रिकामी गाडी घेऊन यायचो. त्याला मात्र एका फोनवर परतीचा माल मिळे. कधी वाटेत भेटलाच, तर भरलेल्या गाडीतून हात हलवून ओरडायचा, “राम राम उस्ताद जी!” त्या हात हलवण्यात काही खोट नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो माझी रिकामी गाडी मोजतोय असंच वाटायचं.

माझ्या आईने संतोषीमातेचे सोळा शुक्रवार केले होते. दिवसभर उपास, आंबट पूर्ण वर्ज्य. मी तेच व्रत धरलं. बायको हसली. म्हणाली, “ट्रकवाला सोळा शुक्रवार करतोय, असं आजवर ऐकलं नव्हतं. कशासाठी?” धंद्यासाठी, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “धंद्यासाठी असेल तर करा. रामसेवकसाठी असेल तर उपाशी राहून काही उपयोग नाही.” मला तिचा राग आला, कारण तिने बरोबर ओळखलं होतं. संतोषीमातेचं व्रत, आणि मनात संतोष सोडून बाकी सगळं. पहिले दहा शुक्रवार मी दिवसा गूळ-चणे आणि चहा घेत होतो. रामसेवकचं चाललंच होतं. तेव्हा मला वाटलं, आपला उपासच हलका पडतोय. अकराव्यापासून संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी.

जूनमध्ये सागरकडच्या एका तेलगिरणीच्या मुनीमजींनी आम्हा दोघांनाही बोलावलं. झाशीहून भुईमुगाच्या शेंगा न्यायच्या, येताना तिथून पेंड आणायची, आठवड्याला दोन फेऱ्या, जाताना येताना गाडी भरलेली. माझ्या धंद्याचं सगळं दुखणं त्यात बरं होत होतं. अट एकच: शुक्रवारी दोघांनी माल घेऊन निघायचं, संध्याकाळी पाचला गिरणीचा वजनकाटा बंद होतो, त्याआधी जो नीट पोचेल त्याला काम बांधून देऊ. दोघेही पोचले तर जो आधी येईल त्याला. तो माझा पंधरावा शुक्रवार होता. मी त्यात देवीची योजना पाहिली.

माल भरून मी साडेनऊला निघालो, रामसेवक माझ्यामागून पंधरा मिनिटांनी. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मी गाडी चालवताना फोन घेत नाही, पण डाव्या बाजूला थांबायला भरपूर जागा होती. मी नाव पाहिलं आणि फोन वाजू दिला. वाटलं, मी कुठवर पोचलो ते काढून घेतोय. पुन्हा वाजला. पुन्हा वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला नाही, तेव्हा मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण जे झालं ते असं झालं.

ललितपूर मागे पडल्यावर माझं डोकं ठणकू लागलं. बाहेर लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, वाहत होती, केबिन भट्टीसारखी तापली होती. पाणी प्यायलो की मळमळायचं. पाऊण तासाने समोरचा रस्ता दोन दिसू लागला, घाम यायचा थांबला आणि हात थंड पडले. फौजेत मी हीच लक्षणं नव्या पोरांना पाठ करून घेतली होती. कशीबशी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला, खाली उतरलो आणि मागच्या चाकाच्या सावलीत बसलो. उठता येईना. तेवढ्यात केशरी केबिनची एक गाडी भरधाव निघून गेली. रामसेवकची केबिन केशरीच. मला पाहिलं असणार, म्हणून मी त्याला मनातल्या मनात जे जे बोललो ते इथे लिहीत नाही. पाणी मागायचं सोडून मी त्या वेळी घड्याळ पाहिलं होतं. एक वाजायला दहा कमी.

नंतरचं थोडं अंधूक आहे. शेतापलीकडच्या झोपडीतून एक म्हातारी आली. आजूबाजूला दुसरं घर नव्हतं. इतक्या उन्हात ती बाहेर कशाला आली, मी तिला हाक मारली होती का, मला आठवत नाही. तिने पदर भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला, पुन्हा गेली आणि पितळी लोटा घेऊन आली. वासानेच मला कळलं. भाजलेल्या कैरीचं पन्हं. मी तोंड फिरवलं. म्हटलं, “अम्मा, आज शुक्रवार का व्रत है. खटाई नहीं चलती.”

तिने लोटा माझ्या ओठांना तसाच लावून ठेवला. “मर जैहै तो बिरत कौन राखहै? पी ले.”

मी प्यायलो. चौदा शुक्रवार आणि पंधराव्याचा अर्धा दिवस, सगळं त्या आंबट घोटाबरोबर गेलं, आणि ते जात असताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुःखाचं म्हणावं तर तसं नव्हतं. दुसरा लोटाही प्यायलो. ती शेजारी बसून पदराने वारा घालत राहिली. कुठला, कोण, काही विचारलं नाही. दीड तासाने मला पायांवर उभं राहता आलं. मी तिच्या पाया पडलो, तर ती म्हणाली, आता गाडी हळू चालव, आणि शेतातून निघून गेली.

काम गेलंच, असं धरून मी हळू चालवत निघालो. चार पंचविसाला गिरणीत पोचलो. काट्यावर दुसरी गाडी नव्हती. मुनीमजी म्हणाले, “आइए हवलदार साहब, आप अकेले आए. काम आपका.”

व्रत मोडलं होतं. माझ्या हिशेबाने मला काहीही मिळायला नको होतं. आणि मी मागत होतो ते अक्षरशः मिळालं होतं: त्याची गाडी मागे राहिली होती.

सहाला दहा कमी असताना रामसेवक आला. केबिन केशरी, हात कोपरापर्यंत काळे, चेहरा भाजलेला. तालबेहटच्या पुढे, ललितपूरच्या अलीकडे, त्याचं पुढचं टायर फुटलं होतं. जॅकमधलं तेल गळून गेलेलं, त्यामुळे गाडी उचलेना. तीन तासांनी एका ट्रॅक्टरवाल्याने मदत केली. मग माझ्याकडे पाहून, कसलीही तक्रार न करता, म्हणाला, “आपको दो बार फोन लगाया था उस्ताद जी. सोचा, आपके पास तो दो जैक रहते हैं.”

खरंच असतात. फौजेपासूनची सवय. तो उन्हात उभा होता तेव्हा मी त्याच्यापुढे बावीस किलोमीटरवर होतो. आणि ज्या केशरी गाडीला मी शिव्या घातल्या ती कोणा दुसऱ्याचीच होती.

मी त्याला बाजूला नेलं आणि सांगितलं की फोन मी पाहिला होता. उपास कशासाठी धरला होता, तेही सांगितलं. तो हाताचं काळं पुसत राहिला. मग म्हणाला, “गलत किया आपने.” थोड्या वेळाने, “खाना खाया?” मी नकारार्थी मान हलवली. गिरणीसमोरच्या ढाब्यावर त्याने माझ्यासाठी डाळ-रोटी मागवली आणि लिंबू माझ्या ताटातून उचलून आपल्या ताटात ठेवलं. आता काय उपयोग, मी म्हटलं, पन्हं पिऊन झालंय. “फिर भी,” तो म्हणाला.

त्या ताटापुढे मला जे समजलं ते एवढंच. ज्या दिवशी मी एका माणसाचा फोन वाजू दिला, त्याच दिवशी मी न बोलावता कोणीतरी माझ्यासाठी लोटा घेऊन उन्हात आलं. मी चौदा शुक्रवारांच्या बदल्यात मागत होतो. देवीने बदल्यात काही दिलंच नाही. तिने आधी माझ्या हातातलं व्रत काढून घेतलं, आणि मग दिलं. पन्हं देणारी कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. पुढच्या फेरीला मी त्या जागी थांबलो, झोपडी होती, तिला कुलूप होतं. शेजारच्या शेतातला माणूस म्हणाला, लेकीकडे गेली असेल.

जेवून आम्ही दोघे मुनीमजींकडे गेलो. आठवड्याची एक फेरी माझी, एक रामसेवकची, असं मी सुचवलं. त्यांना गाडी वेळेवर हवी होती, कोणाची याच्याशी देणंघेणं नव्हतं. माझं उत्पन्न ठरल्याच्या निम्मं झालं, हे मी वहीत लिहिलं आहे. हप्ता निघतो. बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग आता पुन्हा पहिल्यापासून सोळा? मी नाही म्हटलं. शुक्रवारी देवळात जातो, हात जोडतो, घरी येऊन जेवतो.

मत्सर गेला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. परवा रामसेवकने दुसरी गाडी घ्यायचं ठरवल्याचं ऐकलं आणि मनात तीच जुनी असूया उठली. फरक एवढाच की आता ती मी न्यायाच्या नावाखाली झाकत नाही. देवीपुढे तशीच ठेवतो आणि म्हणतो, आई, हे माझं आहे, मला आवरत नाही, तू ठेवून घे. मग बाहेर येऊन गाडी सुरू करतो. रामसेवकचा फोन आला, तर कडेला थांबून उचलतो.