खालचा बर्फ कसा आहे

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, देवापुढंही नाही. तुले सांगून राह्यलो — पण कुठून सुरू करू?

बालाघाटात मले सगळे 'बर्फवाले साहेब' म्हणतात. किरनापूरच्या धानाच्या बांधीतला पोरगा फौजेत गेला, स्कीइंग शिकला, परदेशात शर्यतीत उतरला. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवाल्याच्या पेटीतला! म्हणून कौतुक. शाळेवाले बोलावतात, हार घालतात. मी घालून घेतो.

मले शिकवलं दोरजेनं. लडाखचा, माझ्याच पलटणीतला. बर्फावर पहिल्यांदा उभा राह्यलो तो त्याचाच हात धरून. पण तो नेहमीच माझ्यापेक्षा जोरात उतरायचा — आणि तेच मले आतून खात होतं. हौ, जळत होतो मी त्याच्यावर. काहून लपवू आता?

त्या परदेशच्या शर्यतीत आमचे आम्ही दोघंच होतो. स्लॅलम — उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून सपासप वळत खाली यायचं. पुढच्या दौऱ्यावर दोघांतल्या एकालेच नेणार होते. आमची रीत अशी, का पहिले उतरलेल्यानं वायरलेसवर वरच्याले रस्ता सांगायचा. वरून खालचं दिसत नाही ना.

पहिले मी उतरलो. शेवटच्या उताराले बर्फाची पार काच झालती. पडता-पडता वाचलो. खाली पोचलो, वायरलेस हातात आला. दोरजेचा आवाज — "भाई, नीचे कैसा है?"

"मक्खन है," म्हटलं मी. "खुलके आ."

चुकून? नाही. घाईत? तेही नाही. ती काच डोळ्यांपुढंच होती.

तो खुलून आला. तिथंच पाय सुटला, अन् थेट कडेच्या जाळीत. गुडघा उलटा फिरला होता. असं ओरडणं मी माणसाचं ऐकलं नव्हतं. स्ट्रेचरवर माझा हात धरून म्हणत होता — गलती मेरी है, मोड़ लेट लिया. मी त्याचा हात थोपटला.

दौऱ्यावर मी गेलो. तो लंगडत घरी गेला.

काल त्याचा फोन आलता. त्याची पोरगी आता शर्यतीत उतरते. तिले त्यानं एक गोष्ट पक्की शिकवली म्हणे — पहिले उतरलेल्यावर भरवसा ठेवायचा, जसा पापानं बालाघाटवाल्या चाचावर ठेवला. "ठीक सिखाया ना, भाई?"

मी हौ म्हटलं.