वरियाळीचे चार दाणे

दातांना तारा लागल्या त्या वर्षी मी कॉलेजात होते आणि मला अख्ख्या बडोद्याचा संशय यायचा. जन्मतःच माझा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या, तरी टाळूला एक बारीक छिद्र राहिलंच. त्याचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती वासाची. आपल्या तोंडाचा वास आपल्यालाच कळू नये, हा कुठला न्याय?

म्हणून मी लोकांच्या नाकांवर नजर ठेवायचे. बाकावर शेजारची जरा सरकली की मी तोंड दुसरीकडे वळवायचे. डबा खाऊन झाल्यावर मैत्रिणीने मुखवास पुढे केला की मी मनात म्हणायचे, आलं हिच्या लक्षात! इथे जेवणानंतर सगळेच सगळ्यांना मुखवास देतात, हे ठाऊक असूनही. दिवसातून पाचदा दात घासायचे. बोलताना तोंडावर हात धरायचे. हळूहळू बोलणंच सोडलं.

आईला विचारलं तर म्हणायची, "काही वासबीस येत नाही गं. उगाच डोक्यात घेतेस." पण रोज सकाळी माझ्या पर्समध्ये वरियाळीची, म्हणजे बडीशेपेची, डबी भरून ठेवायची तीच. मला ते खटकायचं. पण आईवरही संशय घ्यायचा म्हणजे फारच झालं, म्हणून मी नुसती मूठभर वरियाळी चघळायचे.

तारा लावणारे डॉक्टर कायम मास्कमध्ये, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. एकदा आई बाहेर बसली असताना धीर करून त्यांनाच विचारलं. त्यांनी मास्क काढला, मला आधी नाक दाबून तोंडाने आणि मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला लावला.

"मोढुं तो चोख्खुं छे, बेटा. वास नाकमांथी आवे छे."

म्हणजे तोंड स्वच्छ होतं; खाल्लेलं टाळूच्या त्या छिद्रातून वर जाऊन नाकात अडकत होतं आणि वास तिथून येत होता. त्यांनी पिचकारीने मिठाचं पाणी सोडलं. ट्रेमध्ये वरियाळीचे चार फुगलेले दाणे पडले.

मला आधी हसू आलं. मग रागाने कान तापले.

परतताना रिक्षात आईला विचारलं, "तुला येत होता ना वास?"

बाहेर बघत ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू बोलणंच बंद केलं असतंस."

"बंदच आहे की गं," मी तोंडावर हात न धरता म्हणाले. "तुझ्या लक्षात नाही आलं?"