न थांबलेला झोपाळा

फळ्यावर चूक झाली की सरांचा झोपाळा थांबायचा. चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध तो टांगलेला होता. सर झोके घेत बसायचे आणि आम्ही एम. एस्सी.ची मुलं समोरच्या फळ्यावर मेकॅनिक्सची गणितं सोडवायचो. कड्यांची करकर थांबली, सरांचे पाय जमिनीला टेकले, की समजायचं, कुठंतरी माती खाल्ली!

चूक कुठे आहे ते मात्र काही केल्या सांगायचे नाहीत. "ज्याला दिसली त्यानं बोलावं की! गप्प बसणारं माणूस मला नको," आपल्या तंजावरी मराठीच्या हेलात म्हणायचे. एकदा माझी चूक दिसूनही मैत्रीण भिडेखातर गप्प राहिली. रागावले ते तिलाच.

मी नाशिकची. या विषयात नापास होऊन, बॅग भरायच्या बेतात असताना त्यांच्याकडे आले होते. पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी. "रडून लंबक हलत नाही, अम्मा. सरि, बरं, खडू घे." एवढंच म्हणाले. त्यांच्यामुळे मी पास झाले, पुढे पीएच.डी.लाही लागले.

मग सर विसरायला लागले. एका रविवारी गेले तर मोठ्या उत्साहानं मलाच झोपाळ्यावर बसवलं आणि स्वतः फळ्याशी उभे राहिले. साधा लंबक, अगदी पहिल्या धड्यातला. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची, तिथं त्यांनी अधिक लिहिलं. मला लगेच दिसलं. पाय टेकवायला हवे होते, नाही टेकवले. एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून मूर्खासारखी झोके घेत राहिले. उत्तरात लंबक लांबच जात राहिला, परत येईना. सरांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा तपासली, चूक सापडेना. शेवटी हात झटकून म्हणाले, "पुरे झालं शिकवणं." त्यानंतर त्यांनी कुणालाच शिकवलं नाही.

सर गेल्याचं कळलं तशी मी त्यांच्या पत्नीला, आमच्या मामींना, भेटायला गेले. फळ्यावर अजून तेच गणित होतं.

"पुसू देत नव्हते," मामी म्हणाल्या. "रोज समोर बसायचे. म्हणायचे, गणित बरोबरच आहे, माझंच डोकं गेलं. चुकलं असतं तर पोरगी बोलली असती की."

मी उठले. अधिकच्या चिन्हातली उभी रेघ बोटानं पुसली.

"सर, इथं वजा हवं," मी मोठ्यानं म्हणाले.

मामी दचकल्या. "कुणाशी बोलतेस, अम्मा?"