मिरीचा पाय आणि हवेतली कात्री

कल्पना करा, तुमच्या कुत्रीच्या पुढच्या पायाला पत्र्याची कड लागून बोटभर कापलंय आणि फरशीवर रक्त ठिबकतंय. हाताशी जे पहिलं येईल ते तुम्ही उचलणार. सलूनवाल्या काकांच्या मिरीला असं लागलं, तेव्हा काकांच्या हाताशी आफ्टरशेव्हची बाटली आली.

त्यांचा हात सवयीचा गुलाम. उभा जन्म दाढ्या करण्यात गेलेला. कुणाच्या हनुवटीला वस्तरा लागला की वर आफ्टरशेव्हचा थेंब. गिऱ्हाईक ‘स्स्स’ करणार, मग दोघंही हसणार. मिरी हसली नाही. ती अशी किंचाळली की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून उभं राहिलं. मिरी थेट मागच्या खोलीत, पलंगाखाली.

“अहो, तिची काय दाढी करायची होती?” काकू कडाडल्या.

काकांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी काकांची बिनपाण्याने केली, मग विचारलं, “रक्त थांबलंय? जखम वरवरचीच आहे ना? मग घरी होईल. पाणी उकळून कोमट करा, अर्ध्या लिटरला चमचाभर मीठ, त्यानं धुवा. पण धुण्याआधी जखमेवर पाण्यात विरघळणारं जेल लावा आणि मगच भोवतीचे केस कापा, म्हणजे केस आत चिकटणार नाहीत. चाटू देऊ नका. सूज किंवा पू दिसला तर घेऊन या. आणि हातच लावू देत नसेल तर आजच आणा, तोंड बांधून करू.”

‘तोंड बांधून’ म्हटल्यावर काकांनी फोनच ठेवून दिला. पिल्लू असताना मिरी त्यांना सापडली होती तीच तोंडाला सुतळी आवळलेली. पुन्हा तेच तिच्या वाट्याला आणायचं?

बिस्कीट दाखवून झालं. ‘माझी राणी, माझं सोनं’ झालं. पलंगाखालून नुसती गुरगुर. काका हताश होऊन जमिनीवर बसले आणि हातातली मोठी कात्री नकळत हवेत चालवू लागले. कचकच, कचकच.

“आता हवेचे केस वाढले का?” काकूंनी विचारलं.

“गप. ऐक.”

गुरगुर थांबली होती. लहानपणापासून मिरी दुकानातल्या खुर्चीखाली याच आवाजात झोपायची. आधी नाक आलं, मग अख्खी मिरी लंगडत आली आणि काकांच्या मांडीला टेकून पसरली.

काकांनी मोठी कात्री हळूच काकूंच्या हातात दिली. “चालव. थांबू नकोस.”

“देवा, हेच राहिलं होतं!” म्हणत काकू मिरीच्या कानाशी कचकच करत राहिल्या. काकांनी जेल लावलं, उकळून घेतलेल्या छोट्या कात्रीनं भोवतीचे केस काढले, जखम धुतली. मिरीनं एकदाच पाय आखडला, मग काकांचं मनगट चाटलं.

गिऱ्हाइकांचं ‘थँक्यू’ काकांनी आयुष्यभर ऐकलं, स्वतः म्हणायची वेळ क्वचितच आली. आज आली. “थँक्यू हो, मिरीबाई,” ते म्हणाले. मग कात्रीला म्हणाले. मग काकूंना.

“माझा नंबर तिसरा का?”

रोज सकाळ-संध्याकाळ तिघांचा हाच कार्यक्रम चालला. जखम सुकली, तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फार विश्वास आहे हो तिचा तुमच्यावर.” काका खुलले. काकू मात्र म्हणाल्या, “कात्री तर मी वाजवत होते.”

तेव्हापासून काका दिसेल त्याला विचारतात: ज्या हातानं आग लावली त्याच हाताशी ती परत आली, ती हात ओळखून, की नुसता आवाज ऐकून?